गरोदरपणात मन मोजताना: कागद, पेन आणि शेजारी बसलेली सासू

वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं, पोटाची उंची, बाळाचे ठोके. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक भेटीला हे रकाने भरले जातात. मनाची चौकशी झालीच तर "बरी आहेस ना गं?" एवढी होते, आणि या प्रश्नाला "हो" याखेरीज दुसरं उत्तर फारसं कोणी देत नाही. रांग मोठी असते, विचारणारीचं लक्ष पुढच्या केसपेपरकडे असतं आणि सांगणारीला ते दिसत असतं.

मन मोजण्याची साधनं नाहीत, असं मुळीच नाही. भरपूर आहेत, त्यातली बरीचशी फुकट आहेत आणि पाच-दहा मिनिटांत भरून होतात. तरी आपल्याकडे त्यांचे आकडे फसतात. आमच्या मते त्यात प्रश्नावलीचा दोष थोडा असतो. भरताना शेजारी कोण बसलंय आणि भरलेल्या कागदाचं पुढे काय होणार, या दोन गोष्टी आकडा जास्त बिघडवतात. परिचारिका, समुपदेशक, आशाताई, प्रसूतितज्ज्ञ आणि या विषयावर प्रबंध करणारे विद्यार्थी यांना उपयोगी पडेल अशा बेताने लिहीत आहोत.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती एडिंबरा प्रसवोत्तर नैराश्य प्रश्नावली, म्हणजे ईपीडीएस. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी ती 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार केली. नावात 'प्रसवोत्तर' असलं तरी गरोदरपणातही ती सर्रास वापरतात. प्रश्न दहा, काळ गेल्या सात दिवसांचा, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, बेरीज 0 ते 30. तिची खरी खुबी तिने काय विचारायचं टाळलं यात आहे. थकवा, भूक, वजन, अंगदुखी यांतलं काही ती विचारत नाही. झोपेबद्दल एक प्रश्न आहे, पण तोही 'इतकं वाईट वाटतंय की झोप लागत नाही' अशा बेताने, म्हणजे झोपमोडीचं कारण प्रश्नातच बांधून. आठव्या महिन्यात रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्या बाईला "झोप नीट लागते का" असं नुसतं विचारलं, तर उत्तरातून मूत्राशयाची खबर मिळेल, मनाची नाही.

पीएचक्यू-9 या नैराश्याच्या दुसऱ्या प्रश्नावलीत नेमका हाच घोटाळा होतो. नऊ प्रश्न, गेले दोन आठवडे, बेरीज 0 ते 27. पाच, दहा, पंधरा आणि वीस या तीव्रतेच्या पायऱ्या. त्यात झोप, थकवा, भूक आणि हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ होणं, असे चार प्रश्न थेट शरीराचे आहेत. मनाने ठणठणीत असलेली बाईसुद्धा शेवटच्या तिमाहीत, किंवा पहिल्या तिमाहीत उलट्यांनी हैराण असताना, या चारांतूनच पाच-सहा गुण सहज जमवते. म्हणून पीएचक्यू-9 टाकून द्यावी असं नाही, पण नुसती बेरीज पाहून थांबू नये. दहा गुण आले तर ते कुठून आले ते बघा. उदासी, कशात रस न वाटणं, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार, या ओळींत गुण असतील तर गोष्ट वेगळी. सगळे गुण झोप-भूक-थकव्याचे असतील तर आधी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट काढा.

तिसरी डब्ल्यूएचओ-5, जागतिक आरोग्य संघटनेची. ही आजार शोधत नाही, बरं वाटणं मोजते: मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात आवडीचं काही होतं का. दोन आठवड्यांचा काळ, प्रत्येकी 0 ते 5, बेरजेला चारने गुणायचं म्हणजे 0 ते 100. पन्नास किंवा त्याखाली आलं की पुढे विचारपूस करायची, 28 किंवा त्याखाली आलं की नैराश्याची नीट तपासणी करायची. बेरीज 12 असेल तर 48 होतात, 13 असेल तर 52, म्हणजे एका गुणाने बाई रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं. सुरुवातीला हीच द्यावी असं आमचं मत. प्रश्न सगळे चांगल्या गोष्टींचे असल्यामुळे कोणी दचकत नाही, आणि सासूने डोकावून वाचलं तरी भांडण होत नाही. मात्र उत्साहाच्या आणि ताज्यातवान्या सकाळीच्या प्रश्नांवर गरोदरपणाची सावली पडतेच, हे गृहीत धरा. त्यात स्वतःला इजा करण्याचा प्रश्न नाही, म्हणून एकटी पुरेशी नाही.

वेळ अजिबातच नसेल तर व्हूली यांचे दोन प्रश्न आहेत: गेल्या महिनाभरात मन खूप वेळा उदास, निराश वाटलं का, आणि कशात रस, आनंद वाटेनासा झालाय का. एकालाही 'हो' आलं की मोठी प्रश्नावली काढायची. ब्रिटनमध्ये पहिल्या नोंदणीच्या भेटीत हेच दोन प्रश्न विचारण्याची शिफारस आहे, जोडीला काळजीसाठी जीएडी-2 या छोट्या प्रश्नावलीचे दोन. चिंता हा गरोदरपणातला वेगळाच भाग आहे आणि नैराश्याच्या प्रश्नावलीत तो अर्धवटच सापडतो. ईपीडीएसमधले तीन, चार आणि पाच क्रमांकाचे प्रश्न (उगाच स्वतःला दोष देणं, कारण नसताना काळजी, कारण नसताना घाबरणं) वेगळे बेरजून पाहिले की अंदाज येतो. एखादीची एकूण बेरीज आठच असते, पण त्यातले सात गुण या तिघांचे असतात. ती 'ठीक' नाही. बाळंतपणाचीच भीती, बाळात व्यंग असेल ही भीती, स्वतःचं रूप बदलल्याची खंत, अशा खास गरोदरपणातल्या काळज्यांसाठी पीआरएक्यू-आर2 ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. आधी गर्भपात झालेला असेल किंवा मूल दगावलेलं असेल, तर तिचा उपयोग जास्त.

कोण विचारतं, कुठे, कसं

आपल्या ओपीडीत बाई एकटी येत नाही. सासू, जाऊ, आई, नवरा, कोणीतरी बरोबर असतंच, आणि प्रश्नांना उत्तर बऱ्याचदा तेच देतात. "हिला काय टेन्शन असणार, घरात कामाला हात लावू देत नाही." असं समोर बोलल्यावर ती बाई ईपीडीएसवर तीन गुणांची खूण करेल ही अपेक्षाच चूक आहे. म्हणून वेगळं करायचं, पण ते वेगळं केल्यासारखं दिसू द्यायचं नाही. रक्तदाब घ्यायला आणि पोट तपासायला बाईला आत घेतलं जातंच. लघवीचा नमुना द्यायला ती एकटी जाते. प्रश्नावली तिथे ठेवा. "आत एकीलाच घेतो, सगळ्यांसाठी तोच नियम आहे" हे दारावर लिहिलेलं असलं की कोणाला राग येत नाही.

सर्वांत सोयीची वेळ साखरेच्या तपासणीची. आपल्याकडे गरोदर बाईला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी रक्त घेतात. ते दोन तास ती बाकावर बसून असते. ग्लुकोज प्यायल्यावर थोडा वेळ मळमळतं, तेवढा जाऊ द्या आणि मग कागद द्या.

फोनवरचा फॉर्म सोपा वाटतो, पण फोन कोणाचा आहे ते आधी विचारा. नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर उत्तरं नवऱ्याला दिसणार या हिशोबानेच भरली जातात. कधीकधी भरतोही तोच.

आणखी एक अडचण खास आपली. गर्भसंस्काराच्या वर्गापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे तिला सांगत असतात की या दिवसांत आनंदी राहायचं, रडायचं नाही, बाळावर परिणाम होतो. त्यामुळे उदास वाटतंय असं लिहिणं म्हणजे आपण बाळाचं वाईट करतोय असं कबूल करणं, असा तिचा समज होतो. कागद देण्याआधी दोन वाक्यं बोला: "ताई, या दिवसांत कित्येकींना रडू येतं, घाबरायला होतं. त्यात तुमची चूक नसते आणि तेवढ्याने बाळाला काही होत नाही. जसं वाटलं तसंच सांगा." प्रश्न छान भाषांतरित करण्यापेक्षा या दोन वाक्यांनी आकडा जास्त खरा येतो, असं आम्ही खात्रीने म्हणू.

काळ नीट पकडून द्यावा लागतो. "गेल्या सात दिवसांत" म्हटलं की बाई आजचं सांगते किंवा लग्नापासूनचं. गावात "गेल्या बाजारापासून आत्तापर्यंत" म्हटलं की सात दिवस बरोबर डोळ्यासमोर येतात. दोन आठवड्यांसाठी, एकादशी पाळणाऱ्या घरात, "मागच्या एकादशीपासून" चालतं. आदल्या दिवशी घरात भांडण किंवा मयत झालं असेल तर समासात तशी नोंद करा.

वाचता न येणाऱ्या बाईला वाचून दाखवताना चारही पर्याय एका दमात म्हटले तर शेवटचाच लक्षात राहतो आणि तोच निवडला जातो. दोन पायऱ्या करा. आधी "असं झालं का, हो की नाही?" आणि 'हो' असेल तर "क्वचित, बऱ्याचदा, की जवळजवळ सतत?" ही पद्धत मूळ पद्धतीपेक्षा थोडी वेगळी आहे, म्हणून एका केंद्रावर सगळ्यांनी एकच रीत ठेवावी. एक सिस्टर एका रीतीने आणि दुसरी दुसऱ्या रीतीने विचारत असेल, तर दोन महिन्यांच्या आकड्यांतला फरक बाईचा की सिस्टरचा, ते कळायला मार्ग उरत नाही.

मराठी अनुवाद हाती आला म्हणून लगेच शंभर प्रती काढू नका. पाच-सहा जणींना प्रश्न वाचून दाखवा आणि "तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटतं?" एवढंच विचारा. ईपीडीएसचा सहावा प्रश्न, सगळं अंगावर आल्यासारखं होणं आणि झेपेनासं होणं याबद्दलचा, इथे हमखास अडखळतो. बायका स्वतः कोणत्या शब्दांत बोलतात तेही लिहून ठेवा: जीव घाबरा होतो, कशात जीव लागत नाही, अन्न गोड लागत नाही, डोकं भणभणतं. मूळ मजकूर परस्पर बदलायचा नसतो, पण समजावताना हेच शब्द कामी येतात.

बेरीज आणि उंबरठा

ईपीडीएसच्या बेरजेत सर्वाधिक चुका होतात त्या उलट क्रमाच्या प्रश्नांत. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न यांत वरचं उत्तर 0 आणि खालचं 3. बाकी सातांत उलट, वरचं 3 आणि खालचं 0. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की भरपूर त्रास असलेली बाई निवांत दिसते. बाईला द्यायच्या कागदावर गुण छापू नका, आकडे दिसले की ती कमी आकड्याकडे वळते. गुणांची वेगळी पट्टी करून ती कागदाशेजारी धरून मोजा. एखादा प्रश्न रिकामा राहिला तर तो 0 धरू नका, तिला परत विचारा. मुद्दाम सोडलेला प्रश्न बहुतेक वेळा दुखरा असतो.

ईपीडीएसचा उंबरठा कुठे धरायचा, म्हणजे किती गुणांपासून पुढे तपासायचं, यावर जुना वाद आहे. बरेच जण 13 किंवा जास्त धरतात. 2020 मध्ये 58 अभ्यासांतल्या 15,557 स्त्रियांची मूळ माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्यात 11 वर रेषा ठेवली तर खऱ्या तीव्र नैराश्यातल्या 81 टक्के सापडल्या आणि नैराश्य नसलेल्या 88 टक्के बरोबर वगळल्या गेल्या. रेषा 13 वर नेली की हेच आकडे 66 आणि 95 टक्के झाले.

याचा ओपीडीतला अर्थ हिशोब करून पाहा. धरा, 200 गरोदर बायका आल्या आणि त्यांतल्या 20 जणींना खरोखर नैराश्य आहे. रेषा 11 वर असेल तर त्यांतल्या 16 सापडतील, 4 निसटतील, आणि उरलेल्या 180 मधल्या सुमारे 22 जणी उगाच पकडल्या जातील. म्हणजे 38 जणींशी सविस्तर बोलावं लागेल. रेषा 13 वर असेल तर 13 सापडतील, 7 निसटतील, उगाच पकडल्या जातील त्या फक्त 9. बोलायचं एकूण 22 जणींशी. समुपदेशक आठवड्यातून एकदाच येत असेल तर 38 जणींची यादी कपाटात पडून राहते. माणसं पुरेशी असतील तर 11, नसतील तर 13 धरा आणि 10 ते 12 आलेल्यांना दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा भरायला लावा. दुसऱ्या खेपेला फरक चार गुणांपेक्षा कमी असेल तर सुधारलं-बिघडलं असं काही ठरवू नका. डब्ल्यूएचओ-5 वर शंभरपैकी दहा गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात.

रेषेच्या वर गेली म्हणजे नैराश्य आहे, असं मात्र लिहायचं नाही. निदान मुलाखतीनंतर होतं. केसपेपरवर 'डिप्रेशन' असा शिक्का पडला की तो घरी जातो आणि पुढे भांडणात वापरला जातो.

बेरजेच्या आधी ईपीडीएसचा दहावा प्रश्न पाहा. स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल, तर एकूण बेरीज चार असली तरी त्याच दिवशी, ती घरी जाण्याआधी बोलायचं. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट विचारणारं कोणीतरी भेटलं म्हणून बाई मोकळी होते. किती वेळा येतात, कसं करायचं हे ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केलाय का, घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा कुठे असतो, रात्री सोबत कोण असतं, हे सरळ शब्दांत विचारा. ठरवलेलं असेल तर तिला एकटी सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत कोणी तरी बरोबर हवं. शेतीच्या घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवायला किंवा शेजाऱ्याकडे हलवायला विश्वासातल्या माणसाला सांगणं, हे त्या दिवशीचं सर्वांत उपयोगी काम असू शकतं. विश्वासातला माणूस कोण, हे बाईलाच विचारा. आपण परस्पर नवऱ्याला गाठतो आणि कधीकधी त्रासाचं मूळ तोच असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्नावल्यांना न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. आधी कधी चार-पाच दिवस झोपेची गरजच वाटली नाही, बोलणं-खर्च-उत्साह वारेमाप वाढला, असं झालं होतं का? मागच्या बाळंतपणानंतर भ्रम झाले होते का? आईला किंवा बहिणीला असं काही झालं होतं का? इथे 'हो' असेल तर बेरीज कितीही कमी असो, मानसोपचारतज्ज्ञाला बाळंतपणाआधीच दाखवा. मनाची औषधं आधीपासून चालू असतील तर 'दिवस गेलेत' कळताच ती परस्पर बंद करू नयेत. काही औषधं, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात टाळायचीच असतात, पण बदल डॉक्टरांनी करायचा. आणि शरीर तपासण्याआधी मनावर खापर फोडू नका. हिमोग्लोबिन 11 च्या खाली आहे का, थायरॉइडची टीएसएच तपासली आहे का, उलट्यांनी पाणी कमी पडलंय का, हे बघूनच आकडा वाचा.

केव्हा, आणि माहेराचं काय

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या 270 स्त्रियांना घेऊन केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा भेटलेल्यांपैकी 59 जणींमध्ये, म्हणजे 23 टक्क्यांमध्ये, नैराश्य आढळलं, आणि त्यांच्यापैकी 78 टक्के स्त्रिया गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या. म्हणजे बाळंतपणानंतर शोधायला बसणं हे उशिराचं काम. पुढे गोव्यातच, गरोदर स्त्रियांची पीएचक्यू-9 घेऊन दहा किंवा जास्त गुण आलेल्या 280 जणींवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्या जणींकडे गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या 'सखी' मानसिक आधार द्यायला जात. मोजणीच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा असेल तर तो तज्ज्ञच असला पाहिजे असं नाही, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

तीन-चार वेळा मोजणं पुरतं. पहिली नोंदणीच्या वेळी, शक्यतो बाराव्या आठवड्याआत. दुसरी 24 ते 28 आठवड्यांत, साखरेच्या तपासणीबरोबर. तिसरी 32 ते 34 आठवड्यांत, पण इथेच आपलं गणित चुकतं, कारण पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते आणि तिचा धागा तुटतो. म्हणून सातव्या महिन्यातली भेट शेवटची धरून चाला. आकडा वर असेल तर माहेरच्या गावातल्या उपकेंद्राचं नाव तिच्याकडून घ्या आणि तिथल्या सिस्टरशी तिच्या परवानगीने फोनवर बोलून ठेवा. माहेरी गेल्यावर आकडा एकदम उतरला तर आनंद जरूर माना, पण सासरी परतल्यावर पुन्हा मोजा. बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीला आई येतेच. दीड महिन्याच्या लशीला ईपीडीएस भरून घ्यायला वेगळा फेरा लागत नाही.

गुण माता-बाल संरक्षण कार्डावर लिहू नका. ते कार्ड घरातले सगळे वाचतात, आशाताईंपासून रेशनच्या कामाला कागद जुळवणाऱ्या दिरापर्यंत. केंद्रातल्या वेगळ्या वहीत नोंदणी क्रमांकासमोर गुण, तारीख, दहाव्या प्रश्नाचं उत्तर आणि पुढची भेट एवढं लिहा. कार्डावर फक्त पुढच्या भेटीची तारीख टाका, आणि ती तारीख चुकली तर फोन कोणी करायचा ते त्याच वहीत, त्याच ओळीत नावानिशी लिहून ठेवा.